कुंभाराच्या लेकीचं लोटकं

नदीच्या वळणावरच्या एका गावात, फार जुन्या काळी, एक कुंभार राहत होता. त्याच्या मडक्यांना पंचक्रोशीत मान होता. बाजाराच्या दिवशी बायका मडकं बोटानं वाजवून बघत, ते खणखणीत वाजे आणि कुंभाराची मान ताठ होई. मातीला द्यायला त्याच्याकडे वाटेल तेवढा धीर होता. माणसांच्या वाट्याला मात्र त्यातला फारसा येत नसे.

त्याला एकुलती एक लेक होती. आई नसलेली पोर, त्यामुळे ती बापाच्या गळ्यातला ताईत. पोर हुशार होती, पण बोलताना तिची जीभ अडखळे. एकेक शब्द बाहेर पडायला वेळ लागे. शेजारणी तिचं वाक्य अर्ध्यातच तोडून पुरं करत, आणि बापही तेच करी. "बाबा, मला भू..." एवढं म्हणायचा अवकाश, की "भूक लागली? बस, वाढतो," म्हणून तो भाकरी वाढूनही मोकळा होई. त्यात त्याची मायाच होती. पण हळूहळू मुलगी घरात बोलेनाशी झाली.

शाळेतले म्हातारे गुरुजी तेवढे थांबत. तिचं वाक्य संपेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहत आणि मगच उत्तर देत. वर्गात कुणी खुसखुसलं तर गुरुजींची नजर तिकडे वळे, आणि हसणारा खाली बघे. त्या एका वर्षात ती उभी राहून पाढे म्हणू लागली, गोष्टसुद्धा सांगू लागली.

त्या गावाची एक रीत होती. शाळेचं वर्ष संपलं की प्रत्येक मुलानं आपल्या हातानं केलेली एक वस्तू गुरुजींना द्यायची. विकत आणलेलं चालत नसे. कुणी वाती वळी, कुणी केरसुणी बांधी, कुणी शेवया करून आणी. कुंभाराच्या लेकीनं पाणी प्यायचं छोटं लोटकं करायला घेतलं. चाकावर नाही, नुसत्या बोटांनी. बरेच दिवस ती त्याच्यामागे खपत होती. मग तिनं ते सावलीत वाळत ठेवलं.

ती नदीवर गेली असताना कुंभारानं ते उचलून पाहिलं. काठ वरखाली झालेला, पोटाला खड्डे. त्याचा जीव कळवळला. पोरं तिच्या जिभेला हसतात, आता हातालाही हसतील, असं त्याच्या मनात आलं. आणि खरं सांगायचं, तर कुंभाराच्या घरून असलं काही गेलं तर आपली काय शोभा राहील, हेही आलं. त्यानं ते लोटकं पाण्यात टाकलं. कच्चीच माती ती, बघता बघता विरघळली. तीच माती मळून त्यानं चाकावर चढवली आणि एक देखणं लोटकं काढलं. मुलीनं विचारलं तेव्हा "वाळतंय" म्हणून वेळ मारून नेली, आणि पुढच्या भट्टीत नवं लोटकं भाजून घेतलं.

वर्षअखेरीच्या दिवशी सकाळी त्यानं ते तिच्या हातात ठेवलं. तिनं ते फिरवून फिरवून पाहिलं.

"बाबा, हे... हे मा..."

"माझंच का, असंच ना? तुझंच गं. माती तीच आहे, मी जरा हात फिरवला इतकंच. चल, उशीर होतोय."

शाळेत सगळा गाव जमला होता. मुलीची पाळी आली आणि लोटकं बघून बायकांत कुजबुज झाली. कुंभार मागे उभा राहून मिशीतल्या मिशीत हसला. गुरुजींनी लोटकं हातात घेतलं. वयानं त्यांचे हात थरथरत. ते गुळगुळीत लोटकं त्यांच्या बोटांतून निसटता निसटता राहिलं.

"हे कसं केलंस, बाळ? सांग बरं आम्हाला."

"हे... मी... मी..."

"सगळं तिनं एकटीनं केलंय, गुरुजी," कुंभार मागून म्हणाला.

"मी तिला विचारलंय," गुरुजी शांतपणे म्हणाले, आणि थांबले.

बराच वेळ गेला. बाहेर कुणाचं तरी गाढव ओरडून गप्प झालं. मुलीच्या कपाळावर घाम आला होता, तरी ती खाली बसली नाही.

"हे मी... नाही केलं. बाबांनी केलं. माझ्या लोटक्याला... ख... खाचा होत्या. तुमची बोटं... बसावीत म्हणून. ते... मोडलं."

कुणी हसलं नाही. कुंभाराला वर बघवेना. गुरुजींनी लोटकं मुलीच्या हातात परत दिलं.

"हे देखणं आहे. पण हे तुझ्या बाबांचं. तू तुझं कर आणि मग आण. मी थांबेन."

घरी जाताना कुंभार म्हणाला, "मला सकाळीच सांगायचं होतंस, पोरी. चारचौघांत कशाला?"

"सां... सांगत... होते, बाबा."

कुंभार वाटेतच उभा राहिला. तिचं सकाळचं अर्धं वाक्य त्याला आठवलं. मग त्याआधीची आठवू लागली, आणि ती संपेनात. आपण या पोरीला जिवापाड जपतो, असं तो आजवर समजत आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

घरी आल्यावर तो उंबऱ्याशी बसला. "मी तुझं लोटकं धड पाहिलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "ते कसं होतं, सांग मला."

मुलगी काठापासून सांगू लागली. शब्द अडे, सुटे, पुन्हा अडे. मध्ये एकदा पुढचा शब्द कुंभाराच्या ओठांवर आला, पण त्यानं तो बाहेर पडू दिला नाही. तिचं सांगून होईपर्यंत अंधार पडला होता आणि चूल पेटायची राहिली होती. नवं लोटकं ती उद्यापासून करणार होती. पण ते पहिलं कसं होतं, हे बापाला आता कधीच बघायला मिळणार नव्हतं.

तात्पर्य: ज्याचं बोलणं त्याला पुरं करू द्यावं आणि ज्याचं काम त्याच्याच हातून होऊ द्यावं; मायेपोटी मोडलं, तरी ते मोडलेलंच असतं.