शेवंतीच्या पाठीवरचे दोन चंद्र

"बाबा, दोष खोगिराचा की घोडीचा?"

मोतीगिरी गोसावी मठाच्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"बाबा..."

"ऐकलं."

ओट्यासमोर हैबत उभा होता. दोन्ही काखांत एकेक जुने खोगीर, कपाळावर घाम. त्याची तांबडी घोडी शेवंती मागे कडुनिंबाला बांधलेली होती आणि खोगिरांकडे बघून सारखी पाय बदलत होती.

खाली नदीच्या वाळवंटात घोड्यांची यात्रा भरली होती.

हैबत बाबांचाच चेला. ऐन उमेदीत त्याने याच मठाच्या पागेत शेण काढले, खरारा केला, बाबांच्या शिव्या खाल्ल्या. मग तालुक्याला स्वतःची पागा काढली. पोरांना घोड्यावर बसायला शिकवू लागला. नाव झाले, आणि मठाची वाट कमी झाली. माणसाला गुरू आठवतो तो अडल्यावर. त्यात नवल काही नाही, रागही नाही. आज हैबत अडला होता.

गेल्या महिन्यात शेवंतीने त्याच्या मुलीला पाडले. केतकीचा हात मोडला.

तेव्हापासून घरात एकच धोशा होता, घोडी विका. केतकी तेवढी प्लास्टरमधला हात सावरत म्हणायची, "पप्पा, तिला नका ना विकू. तिचं काहीतरी दुखत असेल."

हैबत तिला जवळ घ्यायचा आणि उत्तर द्यायचा नाही.

आज उत्तर द्यायचे होते. वाळवंटाच्या कडेला चिंचेखाली शेवंतीला विकत घ्यायला आलेला काशिनाथ वरातवाला, लग्नात घोडी भाड्याने देणारा, बसून होता. मांडीवर जरीची झूल, हातात लगाम. लगामाची तोंडात जाणारी कडी आतून काटेरी होती. काशिनाथ वाईट माणूस नव्हता. "हा घातला की सगळ्या गरीब होतात," असे त्याने सकाळी भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले होते. दिवस मावळेपर्यंत वाट बघतो, म्हणाला होता.

दिवस कलला होता.

"बाबा, तिला खोड लागली असेल तर देऊन टाकतो. खोगीर चुकलं असेल तर दुसरं घेतो. बाजारातून ही दोन आणलीत दाखवायला. दोन्ही वेस्टर्न, पुढं शिंग असतं तसली. काय ते एकदा सांगा. माझा जीव थाऱ्यावर नाही."

बाबांनी डोळे उघडले. "तुला कुठलं आवडलं?"

हैबतने उजव्या काखेतले खोगीर पुढे केले. कातड्यावर वेलबुट्टी कोरलेली, कडेने पितळी फुले. "हे. सिनेमाच्या शूटिंगमधलं आहे म्हणाला दुकानदार. बसलं की खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. रिकीब बरोबर पायाला येते. घडण अगदी माझ्या घरच्या खोगिराची."

"आणि ते?"

"ते साधंच. कुणीतरी खूप वापरलंय. मागून टोचतं मला."

"बसून कुठं पाहिलंस?"

"दुकानात. लाकडी ठोकळ्यावर."

"ठोकळा काही बोलला?"

हैबतने दोन्ही खोगिरे ओट्यावर ठेवली.

"ते फुलांचं चढव," बाबा म्हणाले.

हैबतने घोडी ओट्याला आणून लावली. पाठीवर एक घोंगडी टाकली. हाताने दाबून पाहिली आणि दुसरी टाकली. मग चिंचेकडे एक नजर टाकली आणि तिसरी टाकली.

"तिला थंडी वाजते का?"

"टोचू नये म्हणून, बाबा. पाठ फार हळवी झालीय. गेलं वर्षभर घोंगड्या वाढवतोय, तंग आवळतोय. तरी..."

"तुझा बूट चावला, तर वर आणखी एक मोजा घालतोस?"

...

बाबा उठले. तिन्ही घोंगड्या त्यांनीच ओढून काढल्या आणि ओट्यावर टाकल्या. शेवंतीची पाठ उघडी झाली. मान जिथे संपते, त्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना एकेक पांढरा गोल ठिपका होता. तांबड्या अंगावर तो उठून दिसे.

इतक्या काळजीतही हैबतचा चेहरा उजळला. "हे तिचे दोन चंद्र, बाबा. शुभलक्षण. यात्रेत लोक हात लावून पाया पडतात. भोवरे, खुणा बघायला तुम्हीच तर शिकवलंत."

"ही शिंगरू होती तेव्हा मी पाहिली होती. तेव्हा नव्हते."

"नंतर उगवले. देवानं हात ठेवला, म्हणतात."

"कुणी?"

"देवानं."

"हं," बाबा म्हणाले.

फुलांचे खोगीर उघड्या पाठीवर चढले. हैबतने पोटाखालून तंगाचा पट्टा आवळला. शेवंतीने कान मागे टाकले.

"आता हात घाल. खोगिराखाली."

"कुठं?"

"चंद्रावर."

हैबतने पुढच्या बाजूने तळहात आत सरकवला. जागा अडचणीची होती. मनगट आखडून त्याने बोटे कशीबशी पसरली.

बाबा ओट्याच्या कडेला आले. एक पाय रिकिबीत टाकला.

"बाबा! हे काय करताय?"

"बसतोय."

"ती पाडील तुम्हाला! अहो, या वयात हाडं..."

"हाडं माझी आहेत."

आणि ते बसले. वाळक्या काटकीएवढा तो म्हातारा, त्याचे ओझे ते काय असणार! हैबतला हातावर जरासा दाब जाणवला, इतकेच. त्याचे सगळे लक्ष शेवंतीच्या कानांकडे होते. आता उसळेल, मग उसळेल... बाबांना काही झाले तर यात्रेतल्या माणसांना तो काय सांगणार होता?

घोडी उभी होती. तिची कातडी तेवढी थरथरत होती.

बाबांनी कफनीतून चिलीम काढली. तंबाखूचा बटवा काढला. दोरी सोडू लागले. गाठ घट्ट होती.

"बाबा, हात जरा..."

"हं."

"दाबतोय जरा."

"हं."

गाठ सुटली. बाबांनी चिमूट घेतली, तळहातावर मळली, कचरा निवडून टाकला.

"बाबा, उतरता का?"

"केतकी किती वेळ बसायची?"

"संध्याकाळभर. पण बाबा, हात..."

"मग आत्ताशी तर बसलोय."

हैबतने हात ओढून पाहिला. हात निघेना. खोगिराच्या लाकडाची कड नेमकी हाडावर आली होती. कळ कोपरापर्यंत गेली, तिथून खांद्यात. तो चवड्यांवर उभा राहिला, मग टाचांवर, मग पुन्हा चवड्यांवर.

"पाय का बदलतोस?" बाबांनी विचारले. "‘चांगलं जनावर हलत नाही,’ असं तूच शिकवतोस ना पोरांना?"

"बाबा, पाया पडतो. उतरा."

बाबांनी चिलीम भरली. मग काडेपेटी पडली का ते बघायला पुढे वाकले, आणि सगळा भार पुढे आला.

हैबतच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याच्या तोंडून काय निघाले ते त्यालाही कळले नाही. मोकळ्या हाताने त्याने बाबांची कफनी छातीशी पकडली आणि खाली खेचली.

बाबा धुळीत आडवे झाले.

...

शेवंती जागची हलली नव्हती. तिने मान वळवली आणि खाली पडलेल्या म्हाताऱ्याला हुंगले.

चिंचेखाली काशिनाथ उठून उभा राहिला.

हैबतला आता उमगले. गुरूला पाडले. ज्याच्या मठाचे अन्न खाल्ले त्याला मातीत लोळवले. "बाबा! बाबा, मी मुद्दाम नाही... हात निघेना... मला काही सुचेना हो... लागलं का? कुठं लागलं? बोला ना काहीतरी!"

बाबांनी आधी एक गुडघा हलवला, मग दुसरा. पाठ चाचपली.

"चिलीम फुटली," ते म्हणाले.

हैबतने त्यांना उचलून ओट्याला टेकवून बसवले. मग तंग सोडला आणि हात बाहेर काढला. तळहातावर लालबुंद वण उठला होता, गोल. तो वणाकडे बघत राहिला. मग त्याने खोगीर उतरवले आणि घोडीच्या पाठीकडे बघितले. एवढाच. याच मापाचा.

जिथे खोगीर महिनोन् महिने दाबते, तिथे पुढे केस पांढरा उगवतो. पागेत शेण काढणाऱ्यालाही हे ठाऊक असते. हैबतलाही ठाऊक होते. दुसऱ्याच्या घोड्यावर असा ठिपका असता तर त्याने लांबून ओळखला असता आणि मालकाला चार शब्द सुनावले असते. पण घोडी त्याची, खोगीर त्याचे, नाव त्याचे. म्हणून ते चंद्र झाले. आणि लोक पाया पडत असताना हा शेजारी छाती काढून उभा राहायचा.

"दुसरं चढव," बाबा म्हणाले.

हैबतने एक पातळ घोंगडी टाकली. वरून साधे खोगीर ठेवले. ते आपसूक थोडे मागे सरकले आणि बसले. तंग त्याने बेताने ओढला. आत हात घालून पुढून मागेपर्यंत नेला. हात कुठे अडला नाही, कुठे पोकळीही लागली नाही.

मागे वळून बघतो तर बाबा पुन्हा ओट्यावर चढलेले.

"नको, बाबा! आता नको. मी हात जोडतो."

"जोडू नकोस. घाल."

त्याने दुखरा हात घातला. बाबा बसले. हैबतने डोळे गच्च मिटून घेतले.

ओझे आले. सगळ्या पंजावर सारखे आले. लेकरू दंडावर डोके ठेवून झोपते, तसे.

तो थांबला. आता कड येईल म्हणून थांबला. बाबा पुढे वाकले, मागे रेलले. कड आली नाही.

शेवंतीने लांब फुरफुर केली. कान सैल सोडले, मान खाली घातली आणि जिभेने ओठ चाटले.

हैबतला रडू आले. केतकी महिनाभर सांगत होती, तिचं काहीतरी दुखत असेल. लहान आहे, तिला काय कळतं, असे म्हणून तो मान वळवायचा.

"हे घेतो, बाबा."

"मागून टोचतं म्हणालास."

"टोचू दे."

बाबा उतरले. कफनीची धूळ झटकू लागले. सूर्य पलीकडच्या काठाला टेकला होता.

खरे तर आता निघायचे. काशिनाथला रामराम करायचा, खोगिराचे दुकानदाराला सांगायचे आणि घोडी घेऊन घरी जायचे. पण हैबत तिथेच उभा राहिला. एकदा घोडीकडे बघे, एकदा चिंचेकडे. दुधाने पोळलेला माणूस ताक हातात घेऊन उभा राहतो, तसे त्याचे झाले होते.

"बाबा..."

"बोल."

"खोगीर मिळालं. पण एकदा पाडायची खोड लागली की ती जात नाही, म्हणतात."

बाबा धूळ झटकत राहिले.

"उद्या केतकी परत बसणार. पुन्हा पाडलं तर? तिची आई मला काय म्हणेल? दुखलं म्हणून पाडलं असेल, मान्य. पण पाडलं ना... ज्यानं एकदा पाडलं, त्याचा भरवसा कसा धरायचा, बाबा? काशिनाथला नक्की नाही म्हणू ना?"

पडताना लागलेली पाठ बाबांनी चोळली. मग चिंचेकडे तोंड करून हाक मारली.

"काशिनाथ! तो लगाम आण इकडे."

काशिनाथ लगबगीने आला. झूल खांद्यावर, लगाम पुढे केलेला.

हैबतचा चेहरा उतरला. "म्हणजे... द्यायची?" त्याने शेवंतीची आयाळ मुठीत घट्ट धरली. "बाबा, द्यायचीच का?"

बाबांनी लगाम घेतला. काट्यांवरून अंगठा फिरवला. कफनीच्या टोकाने कडी स्वच्छ पुसली, लेकराला भरवण्याआधी चमचा पुसावा तशी.

मग ते निघाले. घोडीपाशी गेले नाहीत. हैबतसमोर येऊन उभे राहिले आणि लगाम त्याच्या ओठांपाशी धरला.

"तोंड उघड."