उष्ट्या चमच्यावरची वरात

एक होता राजा, पण भारी भित्रा. म्हातारपणी त्याला लेक झाली, केतकी. कुणी तिला विष घातलं तर? म्हणून त्याने नियमच केला. दाईने आधी घास चाखायचा, मग त्याच चमच्याने लेकीला भरवायचा.

दाईचं नाव सगुणाक्का. तिचे स्वतःचे दात किडके, पण केतकीवर जीव ओवाळून टाकायची. चाखायची, फुंकर घालायची, भरवायची. झोपताना साखरेचं दूधही तसंच पाजायची.

मग काय झालं, बरं का, केतकीचा पुढचा दात काळा पडला. मग शेजारचा. मग तिसरा. पोर घास घेईना, नुसती रडे. राजा गरजला, "विषच आहे हे! सगुणाक्का, उद्या राज्याबाहेर चालती हो!"

सगुणाक्काला एकच घोर लागला. आपल्यामागे या उपाशी लेकराला कोण भरवणार? दुपारी केतकी मांडीवर झोपली. सगुणाक्काने रडत रडत तिच्या गालाला कान लावला. तर आत कुणीतरी बोलतंय!

"खणा रे, खणा!"

"कोण रे तुम्ही?"

"आम्ही इवलाले, डोळ्यांना न दिसणारे. मूळचे तुझ्याच तोंडातले. चमच्यावर बसून वरातीने इकडे आलो. झोपताना साखर मिळते, ती खातो, तिचं आंबट पाणी करतो आणि त्याने दात पोखरतो."

"आणि साखर मिळाली नाही तर?"

"तर उपासमार!" म्हणाले, आणि मग जीभ चावली. बावळटच ते!

सगुणाक्का तडक दरबारात गेली. "महाराज, विष नाही, माझं उष्टं बाधलं."

"मग चाखणार कोण?"

"मीच. पण माझा चमचा वेगळा, तिचा वेगळा."

राजाला पटलं. झोपतानाचं गोड दूध बंद झालं. पहिल्या दिवशी केतकीने भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी मुसमुसली. तिसऱ्या दिवशी पाणी पिऊन झोपली. सगुणाक्का रोज तिचे दात घासून द्यायची. काळे दात काही पांढरे झाले नाहीत हो, पण वैद्याने कीड खरवडली, ठणका थांबला.

मग एके सकाळी केतकीने भाकरीचा तुकडा मोडला, चावून चावून खाल्ला आणि म्हणाली, "आक्का, अजून दे."

सगुणाक्काने पदर डोळ्यांना लावला. मग भाकरी वाढली.

पुढे सगळे पोटभर जेवले आणि सुखात राहिले. इवलाले आपल्याही तोंडात असतात, बरं का. दात घासलेत ना? मग आता पाण्याशिवाय काही मागायचं नाही. मिटा डोळे.