टेपवरचा पेला

एकदा एका बंदराच्या शहरात जॅझचे काही वेडे राहत होते. जॅझ म्हणजे समोरचा काय वाजवतो ते ऐकून, त्याला तिथल्या तिथे उत्तर देत वाजवण्याचं संगीत. आपल्या सवाल-जबाबाशी त्याची जवळची सोयरीक आहे म्हणा ना! ही मंडळी दर रविवारी सकाळी एका वृद्ध रसिकाच्या घरी जमत; सगळे त्यांना काका म्हणत. कोणी नवा सापडलेला अल्बम आणी, कोणी जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण. वाजत असताना अवाक्षर काढायचं नाही, आणि ज्याने आणलं त्याने सर्वांत शेवटी बोलायचं, हा तिथला दंडक. नंतरचे वाद मात्र असे रंगत की शेजारी खिडक्या लावून घेत.

त्या वृद्धाचा एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू आणि, खोटं कशाला सांगू, अंमळ उतावीळ. मंडळाच्या टेपांच्या कपाटाची किल्ली वृद्ध आता कोणाच्या हाती देणार, याकडे त्याचे डोळे लागले होते. वृद्धांनी तरुणपणी एका हॉटेलात ऐकलेल्या मैफलीची एकुलती एक टेप त्याच्या स्वाधीन केली होती. "अरे, जीर्ण झालीय. आता एकदाच वाजेल. जपून उतरवून घे," एवढंच ते म्हणाले होते.

शिष्याने ती संगणकावर उतरवून घेतली आणि मग त्याचे हात शिवशिवू लागले. खोकले, खुर्च्यांची सरकासरक, भांड्यांचे आवाज, लोकांचं हसणं, सारं त्याने तांदळातले खडे निवडावेत तसं निवडून टाकलं. एका ठिकाणी मात्र तो अडखळला. सॅक्सोफोन थांबतो आणि ड्रमवादक झांजेवर एक भलताच ठोका मारतो. चूकच झाली असावी बहुधा. पण वादकाच्या हाताला कात्री लावण्याचा धीर त्याला होईना.

मंडळात रेकॉर्डी काढणारा एक व्यापारी होता. ऐकून तो खूश झाला. "वा! लख्ख आरसा! काकांनी होकार दिला की सोमवारी छपाईला. आणि संगणकावरचं ते मूळ, न निवडलेलं, पुसून टाका आता, उगाच घोळ नको." शिष्याने मान डोलावली.

रविवार उजाडला. मंडळी बसली. शिष्याने संगणक सुरू केला, तेवढ्यात वृद्ध स्वयंपाकघरातून रिकामा काचेचा पेला घेऊन आले. पाणी नाही, सरबत नाही, नुसता पेला! आणि बसले नाहीत. दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले.

शिष्य टक लावून पाहत राहिला. काका रागावलेत की काय? काही चुकलं का? विचारावं तर दंडक आडवा येत होता. सॅक्सोफोन संथपणे उलगडत गेला. वृद्धांचे डोळे मिटलेले, आणि पेल्यावरची बोटं हळूहळू सैल होत चाललेली. व्यापारी पुढे सरकला. शिष्य जागेवरून अर्धा उठला. 'काका, पेला!' हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले.

वृद्धांनी पेला सोडून दिला.

खळ्ळकन आवाज झाला. सगळे दचकले. सॅक्सोफोन थांबला, आणि त्याच क्षणी ड्रमवादकाने झांजेवर तसाच खळ्ळकन ठोका दिला! सॅक्सोफोनने तो झेलला, उलटासुलटा केला, खट्याळपणे पुढे नेला. सारी खोली खो खो हसत सुटली. नेमकं तिथेच शिष्याने हसू पुसलं होतं.

वाजणं संपल्यावर वृद्ध म्हणाले, "टेपचा लख्ख आरसा झालाय असं कानावर आलं, तेव्हाच ताडलं की पेलाही पुसला गेला असणार. त्या दिवशी एका वेटरच्या हातून पेला पडला. मालक समोर उभा. बिचारा पांढराफटक पडला, नोकरी गेलीच समज. आणि त्या ड्रमवाल्याने तो आवाज उचलून वाद्यात घेतला. सभा हसली, मालकही हसला. एका माणसाची लाज त्यांनी सुरात झाकली रे! मी जॅझच्या नादी लागलो तो त्या क्षणी. तू जबाब ठेवलास आणि सवाल पुसलास. टेपची खरखर खुशाल काढ, ती काळाची आहे. त्या खोलीतली माणसं काढू नकोस."

व्यापारी चाचरत म्हणाला, "पण मूळ तर पुसलं असेल ना?"

सगळे शिष्याकडे पाहू लागले. "नाही," तो म्हणाला. "काल पुसायलाच बसलो होतो. पण तो ठोका का मारला ते कळलं नव्हतं. बोट धजावलं नाही."

तो खाली बसून काचा वेचू लागला. वृद्धांनी कनवटीची किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. "न कळलेलं पुसलं नाहीस, मला एवढं पुरे. आणि जपून वेच, बोटात काच जाईल."

मंडळी, आपल्याही घरात एखादं माणूस मधेच भलता ठोका मारतं. तो चूक म्हणून काढून टाकण्याआधी, त्याच्याजवळ कुठला पेला फुटला होता, एवढं तरी विचारावं.