तकियावरचा माठ

"मग मी तोंड शिवून बसू? गप्प चोरानं बसावं, बाबा. मी कशाला?"

सुकदेव तणतणतच तकियावर, फकिराच्या ठिय्यावर, आला होता. भिकनबाबा फकीर झाडाखाली गोधडीला ठिगळ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शेजारच्या मळ्यातली पाण्याची मोटर चोरीला गेली होती. सुकदेवचा टेम्पो त्या वाटेला कुणीतरी पाहिला. झालं, उद्या सकाळी ठाण्यात बोलावणं. बहिणीनं घाबरून तालुक्याची वकीलबाई गाठली. बाई म्हणाली, स्वतःला अडकवणारं बोलायची सक्ती कायदा कुणावर करत नाही. आधी मला बोलवा, मग तोंड उघडा.

ते याला झोंबलं. खरं बोलतो याचा त्याला माज. माज कशाचाही असो, माणूस आंधळाच होतो.

"खऱ्याला वकील कशाला लागतो?"

बाबांनी दातांनी दोरा तोडला.

"झाडामागचा माठ कसा फुटला रे?"

तकियाचा रिवाज होता. येणाऱ्यानं आधी विहिरीवरून माठ भरून झाडामागं ठेवायचा, मगच बसायचं. आज तो सुकदेवनंच भरला होता.

"फुटला? मी नाही फोडला."

"भरला कोणी?"

"मी."

"ठेवला कोणी?"

"मीच. पण हळू ठेवला."

"एवढा तणतणत आलेला माणूस हळू ठेवतो?"

"... जरा आपटला असेल."

"मग आधी हळू का म्हणालास? खोटं का बोललास?"

सुकदेवला घाम फुटला. माठ खाली टेकताना काहीतरी कुरकुरलं होतं खरं... की नव्हतं? आता तर त्याला तडा गेल्याचा आवाजही आठवायला लागला.

बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. "अरे, माठच तो. हो म्हण, चहा पी, घरी जा. बहीण वाट बघत असेल."

"... माझ्याच हातून फुटला, बाबा."

बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. मागं गेले. माठ दोन्ही हातांनी उचलून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

काठोकाठ भरलेला. कुठं तडा नाही.

सुकदेव माठाकडं बघत राहिला. मग त्यावर हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"मी... खोटं नव्हतो बोलत, बाबा."

"ठाऊक आहे."

"मग असं कसं झालं?"

बाबांनी पाण्याचा पेला भरून दिला. त्यानं तो एका हातात धरला. दुसरा हात आपसूक खिशातल्या फोनकडं गेला. वकीलबाईचा नंबर बहिणीकडं होता.

बाबा खाली बसले, सुईत दोरा ओवायला लागले.

"मी तर तुला जीव लावतो, सुकदेव. अन् इथं ठाण्यासारखं दारसुद्धा नाही."