तैफूरशहाच्या चुलीतला थंड जाळ

एका राज्यात, जिथे सुलतानापासून भिश्त्यापर्यंत जवळजवळ सगळे मुसलमान होते, तिथे एका गल्लीत मूठभर अग्निपूजकही राहत. त्यांच्या अग्यारीत एक अग्नी पिढ्यान्‌पिढ्या तेवत होता. शेजारच्या गल्लीत चांदीकाम करणारे नदीपंथी, त्यापलीकडे पहाडी लोक. देव वेगवेगळे, पण बाजार सगळ्यांचा एकच.

सुलतान तैफूरशहाचा वजीर झरगाम जादूगार होता. आपल्या विद्येने त्याने ताडलं, की अग्यारीतल्या अग्नीखाली शापित खजिना आहे. तो सुलतानाला म्हणाला, "खाविंद, परक्यांची आग आपल्या शहरात कशाला? आज हे जाऊ देत. उद्या नदीवाले, परवा पहाडी."

सुलतानाने मान डोलावली. जोड्यांसकट अग्यारीत शिरला आणि स्वतःच्या हाताने अग्नीवर पाण्याचा घडा ओतला. अग्निपूजकांना हुकूम झाला, गाड्या भरा.

घडा रिकामा झाला आणि शहरभर भलतंच घडलं. चुली पेटलेल्या होत्या, पण जाळाला ऊब नव्हती. याकूब भटियाऱ्याने तंदुरात हात घातला, तर विहिरीत घातल्यासारखा गार लागला. महालात शहजादी गुलअंदाम जेवता जेवता कलंडली. हकीम नाडी सोडून म्हणाला, "श्वास आहे. ऊब निघून चालली आहे."

तिकडे वजीर अग्यारी खणत होता. खाली निघाली नुसती राख. त्याने राखेत हात घातला, तो हात दगडाचा झाला. मग सगळा वजीरच दगडाचा झाला. बघणाऱ्यांची तोंडं आ वासलेली तशीच राहिली.

महालाच्या कठड्यावर हुदहुद पक्षी येऊन बसला.

"तैफूरशहा, आग कुणाची विझवलीस?"

"अग्निपूजकांची."

"ती त्यांनी आणली कुठून, विचारलं होतंस?"

हुदहुदाने वेशीकडे चोच केली.

"वेशीवर जा. गाड्या अजून हलल्या नाहीत."

सुलतान अनवाणी धावला. अग्यारीचे वृद्ध पुजारी, दस्तूर आदरबाद, गाडीपाशी उभे होते. सुलतानाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आमचा अग्नी एका घरचा नसतो, खाविंद. गावभर मागून आणतात. कुंभाराचा, भटियाऱ्याचा, मशिदीच्या दिव्याचा. तुमच्या आजोबांच्या मुदपाकखान्यातलाही होता."

सुलतानाचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी माझ्याच चुलीवर..."

"घडाही चांगला मोठा घेतला होतात," दस्तूर म्हणाले.

"पुन्हा होईल?"

"तीन ठिकाणचा मिळाला तर. पण देणाऱ्याने मनापासून द्यायला हवा."

दस्तुरांनी भोकांच्या झाऱ्यात चंदनाचे तुकडे ठेवले. झारा जाळाच्या वर धरायचा, जाळ लागू द्यायचा नाही, नुसत्या उबेने चंदन पेटलं पाहिजे, अशी त्यांची रीत. आणि ऊब तर शहरात उरलीच नव्हती.

आधी याकूबचा तंदूर. याकूब म्हणाला, "दस्तूरजी, तुमच्या सणाच्या रोट्या माझ्याचकडे भाजल्या जातात. तुम्ही गेलात तर मी काय माशा भाजू? माझा वाटा धरा." चंदन पेटलं.

मग मशिदीचा दिवा. इमामसाहेब म्हणाले, "आमच्या पणजोबांनी दिला होता. आमचाही वाटा धरा." चंदन पेटलं.

तिसरा मुदपाकखाना. सुलतान म्हणाला, "घ्या, बक्षीस दिला." चंदन थंड.

"तुम्हाला माफ केलं." थंडच.

"शहरात राहायला जागा देतो."

"जागा आमचीच होती, खाविंद," दस्तूर म्हणाले.

वरून दासी धावत आली. "शहजादींचे ओठ निळे पडले."

सुलतान चुलीपुढे राखेत बसला. मुकुट घरंगळला, तो त्याने उचलला नाही. "दस्तूरजी, माझाही वाटा धरा. आजोबांचा होता तसा."

चंदनातून धूर निघाला. मग ज्योत.

तिन्ही अग्नी अग्यारीत एक झाले. सुलतान या वेळी उंबरठ्याबाहेरच थांबला. घराघरांत तवे तापले, आणि गुलअंदामने डोळे उघडून विचारलं, "माझं ताट कुणी नेलं?"

गाड्या रिकाम्या झाल्या. नदीवाले आणि पहाडी आपापल्या गल्लीत निर्धास्त झाले. दगडी वजीर मात्र लोकांनी ओढून बाजारात उभा केला. त्याचा हात अजून पुढे पसरलेला आहे, आणि याकूब त्यावर गरम रोट्या निवायला ठेवतो.