एकवीस वेळा दिवा

वाचकहो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, शब्दही साधेच आहेत. तेवढे पोटात घाला आणि गोष्ट ऐका.

फार जुन्या काळी, जेव्हा राजे कोण होते हेही आता कुणाला आठवत नाही, तेव्हा माळावर एक गाव होते. त्या गावाचे धान्य पेवांत असे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि त्यावर दगड. बंद पेवात विषारी हवा कोंडते. म्हणून गावाची रीत होती : दगड सारायचा, थोडे थांबायचे आणि दोरीला बांधून दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर उतरायचे नाही. जळता वर आला तर कमरेला दोर बांधून खुशाल उतरायचे.

पेवांची राखण दोघे भाऊ करीत. थोरला उतरे, धाकटा वर दोर धरी.

एकदा गावात लग्नाची घाई होती. थोरला म्हणाला, "परवाच तर उघडलं होतं. दिवा राहू दे." धाकट्याने मान डोलावली. थोरला उतरला. दोराला एक हिसका बसला आणि दोर सैल पडला. धाकट्याने जीव खाऊन ओढले, पण भाऊ जिवंत वर आला नाही.

गावाने धाकट्याला बोल लावला नाही. वहिनीनेही लावला नाही. त्याचे मन मात्र रोज लावीत राहिले.

तेव्हापासून उतरायला गावातले कुणीतरी येई आणि धाकटा दोर धरी, पण त्याआधी तो दिवा तीनदा सोडू लागला. तिसऱ्यांदा दिवा जळता आला की छाती घटकाभर हलकी होई. पुढे तीनाने भागेना, सात झाले. मग लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला. सगळ्या गावाचा जीव त्या पेवांवर आला आणि राखणदाराचा घोर वाढला. घोर वाढला तशी मोजणीही वाढली, ती एकवीसवर गेली. मध्येच कुणी शिंकले की पुन्हा पहिल्यापासून. दिवा जळतो आहे हे डोळ्यांना दिसे, पण मनाला पटत नसे.

एके दिवशी माणसे सकाळपासून पाट्या घेऊन पेवाभोवती बसली होती. ऊन कलायला आले तरी दाणा वर आला नव्हता.

"अरे राखणदारा," एक म्हातारा ओरडला, "आत उंदरांची दिवाळी चाललीय आणि वर आमचा शिमगा!"

कुणी हसले, कुणी चिडले. पाटील उठून उभे राहिले. "दिवस बुडायच्या आत धान्य वर आलं नाही, तर उद्यापासून ज्याचं त्यानं उतरावं. दिवा-बिवा काही नको!"

दिव्यावाचून उतरणे म्हणजे काय, हे राखणदाराइतके कुणाला ठाऊक होते? त्याची अठरावी खेप चालू होती. इतक्यात म्हाताऱ्याला ठसका लागला. राखणदाराने डोळे मिटले आणि तो पुटपुटला, "एक..."

तेव्हा बायकांच्या रांगेतून वहिनी उठली. तिने त्याचे मनगट धरले.

"भाऊजी, पहिल्यांदा दिवा कसा आला वर?"

"जळता."

"दुसऱ्यांदा?"

"जळताच."

"मग बाकीच्या खेपा कुणासाठी?"

त्याने मान वळवून पेवाच्या तोंडाकडे पाहिले.

"त्यांच्यासाठीच ना? त्या दिवशी एक दिवा राहिला. तो आता हजारदा सोडलात, तरी त्या दिवशी पोचायचा नाही." तिने पदर खोचला आणि दोर कमरेला बांधला. "दिवा जळतोय. मी उतरते."

"वहिनी, नको! आणखी एकदाच, फक्त एकदा..."

"धरा दोर. माझा जीव तुमच्या दोन्ही हातांत आहे. आता दिवा कोणत्या हातानं सोडाल?"

ती उतरली. दोर हातातून सरकू लागला. मन किंचाळत होते, दिवा सोड, दिवा सोड! पण हात मोकळे नव्हते. घाम डोळ्यांत उतरला. दोराला एक हिसका बसला. अगदी तसाच. गाव श्वास रोखून उभे राहिले.

"अहो भाऊजी!" खालून आवाज आला. "वर सगळे झोपले का? पाटी सोडायला सांगा!"

माणसांनी धावत पाटी सोडली. दिवस बुडायच्या आत प्रत्येक घरी जोंधळे पोचले. पाटलांनी आपले शब्द मागे घेतले. "दिवा एकदाच सोडायचा," ते म्हणाले, "पण सोडायचाच."

राखणदाराची भीती त्या दिवशी गेली नाही. ती चढत गेली, बराच वेळ तशीच राहिली आणि तिचे ऐकले नाही तेव्हा आपसूक ओसरली. हे त्याने पहिल्यांदाच अनुभवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुसऱ्या पेवाचा दगड सारला. थोडा थांबला. दिवा सोडला. दिवा जळता वर आला. मन म्हणाले, आणखी एकदा. त्याने दिवा मालवला आणि वहिनीने कमरेला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरला.

तात्पर्य : एकदा पाहणे ही सावधगिरी, पुन्हा पुन्हा पाहणे ही जुन्या दुःखाची चाकरी.