खुटवड सरांचा तंबू

“पण पुन्हा एकदा सांगायला तुमचं काय जात होतं, बाबा?”

खुटवड सर चुलीपाशी उभेच होते. बसायची सोय मुंगळ्यांनी ठेवली नव्हती.

“सकाळी तंबू हलवताना म्हणलं व्हतं, सर, तिथं नको. तुम्ही म्हणालात, मी ट्रेनिंग घेतलंय.”

लखूबाबांनी चहाच्या पातेल्याखाली एक काटकी सारली.

हायस्कूलच्या आठवीत चार गावांहून नवीन पोरं आली होती. त्यांची गट्टी जमावी म्हणून जंगलात हे तीन दिवसांचं शिबिर. हेडमास्तरांनी सरांना बजावलं होतं, “शिबिर कसं चालवायचं ते लखूबाबांकडून शिका. पोरं चार टोळ्या करून परत आली, तर पुढच्या वर्षी शिबिर बंद.”

आता पदवीधर माणसाने निवृत्त वनमजुराकडून काय शिकायचं? सरांनी पुस्तकातले अकरा खेळ घेतले. चुरस यावी म्हणून प्रत्येक गावाला वेगळ्या रंगाचे रुमाल वाटले. चुरस अशी काही आली, की पोरं झऱ्यावर पाणी प्यायलासुद्धा रंगारंगाने जाऊ लागली.

आणि आज तिसऱ्या दिवशी, दुपारी, सर तंबूत जरा आडवे झाले आणि मुंगळे अंगावर चढले. पुढे जे झालं त्याला नाच म्हणणं म्हणजे नाचाचा अपमान.

“अंगाची आग कमी झाली का?” बाबांनी विचारलं.

“झाली. पोरांनी पाणी ओतलं. कुणीतरी पाला चोळला... कुठल्या गावचा होता कोण जाणे. सगळ्यांचे रुमाल माझे मुंगळे झटकण्यात गुंतले होते.”

बाबांनी चुलीत फुंकर घातली.

“आगीचं सोडा हो! ते तिकडे बघा!”

तिकडे जांभळीखाली एकाच सतरंजीवर पोरं दाटीवाटीने बसली होती. मधोमध एक मुलगी, तंबूचं कापड डोक्यावर घेऊन, एका पायावर उड्या मारत ‘आई गं, आई गं’ करत होती. आवाज हुबेहूब सरांचा. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती.

“तीन दिवस राबलो मी यांच्यासाठी...” सरांना खरंच फार लागलं होतं. “आणि मलाच हसतायत!”

“किती जण हसत्यात?”

“किती काय? चाळीसच्या चाळीस!”

“चारी गावची?”

“हो, चारी गा...”

सरांनी सतरंजीकडे पुन्हा पाहिलं.

बाबांनी पेल्यात चहा ओतला. सरांनी हात पुढे केला. बाबा त्या हाताला वळसा घालून गेले आणि पेला सतरंजीच्या कडेला ठेवून आले.

मग चुलीशी बसत म्हणाले,

“चाळीस एकत्र झाले म्हणता... मंग बाहेर एकच ऱ्हायलाय.”